इंदुरी ताटाशी कोणती बाटली जमते? तिखट सॉसच्या नवशिक्यांसाठी

इंदुरात तिखटाची वानवा कधीच नव्हती. पोह्यांवर जिरावन, म्हणजे इंदुरी मसाल्याची पूड, कचोरीत लाल चटणी, डाल-बाफल्याबरोबर लसणाची चटणी. मराठी घर असेल तर त्यात ठेचा, खर्डा, सांडगी मिरची आणि कुटाच्या मिरचीची बरणी. एवढं सगळं हाताशी असताना बाटलीतला सॉस कशाला आणायचा, असं घरातली मोठी माणसं विचारतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तरीपण सुपरमार्केटच्या फळ्या आता अशा बाटल्यांनी भरल्यात. मुलं एक उचलतात, पाहुणा दुसरी आणतो, आणि महिन्याभराने फ्रिजच्या दारात चार अर्धवट बाटल्या उभ्या राहतात. त्यांचं काय करायचं हे कोणालाच धड माहीत नसतं.

ज्यांची मजल आतापर्यंत टोमॅटो केचप आणि चायनीजच्या गाडीवरच्या लाल-हिरव्या सॉसपर्यंतच गेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: बाटली किती तिखट आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. तिखटाबरोबर ती आणखी काय आणते, आंबटपणा, गोडवा, मीठ, लसूण, तेल की फळाचा वास, हे आधी. ताटातल्या पदार्थात जे कमी आहे ते बाटलीने आणावं; जे आधीच भरपूर आहे त्यात आणखी भर कशाला? ही कसोटी लावली की इंदुरातल्या रस्त्यावरच्या बऱ्याच खाण्याला सॉसची गरज नाही असं लक्षात येतं. बाटली खरी कामाला येते ती घरच्या साध्या जेवणात.

तिखट लागतं म्हणजे काय होतं

आंबट, गोड, खारट, कडू या चवी आहेत. तिखट त्यांत येत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, ती उष्णता ओळखण्याचं काम करते. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर काही लागलं की तीच जागी होते. म्हणून मिरची खाल्ली की तोंड ‘भाजतं’. मेंदूच्या लेखी चटका आणि मिरची एकच. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ही ग्राही ओळखली आणि २०२१ च्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

स्वयंपाकघरात याचा सरळ उपयोग आहे. कढईतून नुकत्याच काढलेल्या कचोरीवर जो सॉस असह्य वाटतो, तोच थंड सँडविचमध्ये सौम्य लागतो. व्हिनेगरचा आंबटपणाही त्या ग्राहीला डिवचतो. आणि तोंड पोळलेलं असताना वरून गरम चहा घेतला तर आगीत तेल.

सगळं तिखट मिरचीचंच असतं असंही नाही. फेसलेल्या मोहरीचा झटका थेट नाकात जातो आणि तेवढ्याच लवकर उतरतो. बंगाली कासुंदी त्याच जातीची. कोकणातल्या तिरफळाने जीभ बधिर होते, झिणझिण्या येतात. चीनच्या सिच्वान प्रांतातली मिरी तिरफळाच्याच कुळातली. आपल्याकडच्या ‘शेझवान’ चटणीत मात्र ती बहुधा नसते. असते लाल मिरची, लसूण, तेल, व्हिनेगर आणि साखर. चटणी वाईट नाही, पण ती खाऊन सिच्वानची चव कळली असं समजू नये.

आता ते आकडे. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना तिखट लागायचं थांबेपर्यंत किती पाणी लागलं, त्यावरून मोजमाप ठरवलं. आता हे काम यंत्र करतं, नाव मात्र स्कोव्हिलचंच राहिलं. हालापेन्यो मिरची साधारण २,५०० ते ८,००० च्या घरात, हाबानेरो एक लाखाच्या पुढे. आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर गेली आणि २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदली गेली. तो मान नंतर दुसऱ्यांकडे गेला. २०२३ मध्ये ‘पेपर एक्स’ २६,९३,००० वर पोचली.

दुकानात हे आकडे बघून दबू नका. आकडा मिरचीचा असतो, सॉस त्याहून कितीतरी पातळ. टबॅस्को जातीची मिरची ३०,००० ते ५०,००० ची, पण त्याच नावाच्या बाटलीतला सॉस २,५०० ते ५,००० चा. ठेचा खाणाऱ्या घराला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाटल्यांची घराणी

नावं शेकड्यांनी आहेत, घराणी मोजकी. घराणं ओळखता आलं की नवी बाटली उघडायच्या आधीच ती कुठे चालेल याचा अंदाज येतो.

पहिलं घराणं पातळ, व्हिनेगरवाल्यांचं. टबॅस्को हे त्यातलं जुनं आणि सगळ्यांत ठाऊक नाव. अमेरिकेतल्या लुईझियानामधल्या एव्हरी आयलंडवर एडमंड मॅकिलहेनी यांनी १८६८ मध्ये तो विकायला सुरुवात केली. लाल मिरची, मीठ, व्हिनेगर, बस. मिरचीचा लगदा मीठ घालून ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात. थेंबाने वापरायचा सॉस आहे हा. लोक तो केचपसारखा ओततात आणि मग ‘नुसतं आंबट लागतं’ म्हणून बाटली टाकून देतात. माझी सगळ्यांत आवडती बाटली हीच, कारण ती पदार्थाची चव झाकत नाही, उघडते. लिंबू पिळल्याचं काम आणि मिरचीचं काम एकाच वेळी.

दुसरं घराणं श्रीराचाचं. नाव थायलंडमधल्या सी राचा गावावरून आलं. जगभर पोचलेली कोंबड्याच्या चित्राची, हिरव्या झाकणाची बाटली मात्र अमेरिकेतली. डेव्हिड ट्रॅन या व्हिएतनामहून आलेल्या गृहस्थांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ती कंपनी काढली. हा सॉस दाट, लसणाचा आणि चक्क गोड. इंदुरी जिभेला पहिल्या घासात आवडतो, कारण गोड-तिखटाची सवय आपल्याला पोह्यांवर जलेबी खाताखाताच लागलेली असते.

तिसरं आंबवलेल्या दाट लगद्यांचं. कोरियाचं गोचुजांग त्यात येतं: मिरची, तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ. गोडसर, मुरलेलं, तिखट मध्यम. ते तसंच चमच्याने वर घालायचं नसतं. कशात तरी कालवायचं किंवा शिजवायचं.

चौथं तेलवाल्यांचं, म्हणजे तळलेल्या मिरचीचे, लसणाचे, कांद्याचे कुरकुरीत तुकडे तेलात बुडवलेले. चीनमधल्या ग्वेईचौ प्रांतातली लाओ गान मा ही बरणी यात प्रसिद्ध, पण आता भारतीय कंपन्याही असं ‘चिली क्रिस्प’ किंवा ‘चिली ऑइल’ विकतात. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तर्रीवर तरंगणारं तेल आणि तळलेल्या सांडग्या मिरचीचा कुरकुरीतपणा एका चमच्यात आला म्हणायचं.

फळांचे सॉस, म्हणजे आंबा-हाबानेरो, अननस-जोलोकिया वगैरे, हे पाचवं घराणं. हाबानेरो आणि जोलोकिया यांच्या स्वतःच्या वासातच फळाची झाक असते, म्हणून फळ त्यांना मानवतं. यांचं तिखट पहिल्या क्षणी कळत नाही. दुसरा घास घेतल्यावर पहिला चढतो, आणि तोही घशात. सबुरी ठेवा.

बाकी पेरी-पेरी, हरिसा वगैरे. पेरी-पेरी आफ्रिकेतल्या बारक्या मिरचीचा आणि पोर्तुगिजांच्या हातून फिरलेला. हरिसा ट्युनिशियाचा, जाडसर वाटलेला, लाल मिरचीत लसूण, धणे, शहाजिऱ्यासारखे मसाले. २०२२ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मिरची मुळात अमेरिका खंडातली आणि आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, त्यामुळे आपला ठेचाही या सगळ्यांचा चुलत भाऊच.

एक प्रकार मी घरात येऊ देत नाही: मिरचीच्या अर्काचे सॉस. बाटलीवर कवटी, ज्वाळा, लाखांचे आकडे आणि घटकांत कुठेतरी ‘ओलिओरेझिन’ किंवा ‘कॅप्सिकम एक्स्ट्रॅक्ट’. कडवट, औषधी चव. मित्रांची फजिती करण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, आणि दम्याचा किंवा पोटाचा त्रास असलेल्याला तर गमतीतही देऊ नये.

लेबल वाचताना

आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणून पहिली तीन नावं वाचली की बाटलीचं चरित्र कळतं. पहिलं नाव साखर असेल तर तो गोड सॉस. पहिलं पाणी आणि लगेच स्टार्च असेल तर मिरची नावापुरती. घटकांत नुसते आकडेही असतात: ४१५ म्हणजे झँथन गम, सॉस दाट राखायला. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, टिकवायला. २६० म्हणजे ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरच्या जागी. यातलं काहीच विष नाही, पण मिरचीच्या आधी हेच दिसू लागलं तर दुसरी बाटली उचला.

शाकाहारी घरांनी हिरवी खूण नक्की बघावी. थाई आणि मलेशियन मिरचीच्या लगद्यांत कोळंबी असते, काही कोरियन मिश्रणांत मासळीचा सॉस. नुसत्या लाल रंगावरून कळत नाही. मिठाचा आकडाही नजरेखालून घाला, विशेषतः घरात रक्तदाबाचं औषध चालू असेल तर.

चाखायचं कसं

चमच्याने थेट जिभेवर नको. मीठ न घातलेला उकडलेला बटाटा घ्या, कोमट. नाहीतर पोळीचा तुकडा. बाटल्या एका वेळी तीनच. त्याहून जास्त घेतल्या तर शेवटच्यांचं काही कळत नाही, कारण कॅप्सेसिनने जीभ हळूहळू बोथट होते. पातळ आधी, गोड नंतर, फळांचा शेवटी. मधे दह्याचा एक चमचा आणि थोडं थांबणं.

प्रत्येक घासाला तीन गोष्टी बघा. तिखटाच्या आधी काय कळलं, आंबट, गोड की लसूण? तिखट कुठे चढलं, ओठांवर, जिभेच्या टोकाला की घशात? आणि उतरायला किती वेळ लागला? लवकर उतरणारा सॉस रोजच्या जेवणाला बरा, कारण पुढच्या घासाला भाजीची चव शाबूत राहते. घशात रेंगाळणारा थोड्याशा, एकाच घासाच्या खाण्याला: भजं, पापड, चीजचा तुकडा. घरातल्या सगळ्यांना एकदम बसवून चाखायला लावलं तर आणखी एक गोष्ट कळते: तिखट सोसणं हे सवयीवर आहे. पुण्याहून नोकरीसाठी आलेला भाचा ज्यावर ‘हाय हाय’ करतो, त्याला आजी ‘अळणी आहे रे’ म्हणते.

छप्पनवर आणि सराफ्यात

खिशात बाटली घेऊन छप्पन दुकान या इंदुरातल्या खाऊगल्लीत जाण्याची फॅशन तरुण मंडळींत दिसते. माझ्या मते निम्म्या पदार्थांवर ती उघडूच नये.

पोहे घ्या. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, किंचित गोडसर, बडीशेपेचा वास. वर सेव, कांदा, जिरावन, लिंबू. आंबट आहे, गोड आहे, खारट आहे, कुरकुरीत आहे. आता यात कोणती उणीव भरून काढणार? फार तर लिंबाऐवजी पातळ व्हिनेगरवाल्या सॉसचे दोन थेंब. लिंबू आणि सॉस दोन्ही नको. श्रीराचा तर नकोच, पोहे चिकट होतात. उसळ-पोह्यांत तर तर्रीच आहे, तिथे बाटली दाखवणं हा त्या ठेलेवाल्याचा अपमान.

सराफ्यातला, म्हणजे रात्री भरणाऱ्या खाऊबाजारातला, दहीवडाही तसाच. जोशींच्या दुकानात एकाच चिमटीतून एकेक मसाला वेगळा सोडण्याची करामत बघायला लोक जमतात. त्या दह्यावर बाटलीतलं लाल काही ओतणं मला बघवत नाही.

भुट्ट्याच्या कीसाची गोष्ट निराळी. किसलेला मका दुधात आणि तुपात शिजलेला, म्हणजे गोड, स्निग्ध, मऊ. लिंबू वरून असतं, पण ते पुष्कळदा कमी पडतं. इथे हिरव्या मिरचीचा आंबट सॉस, हालापेन्योचा असेल तर उत्तम, अगदी चपखल बसतो. मका आणि मिरची दोघंही एकाच खंडातून आलेले, जुनी ओळख. गाडीवर मिळणारा दाट हिरवा सॉस त्याऐवजी चालत नाही. त्यात स्टार्चचा लपका असतो आणि कीस आधीच लपथपीत.

खोपरा पॅटिसच्या आत गोडसर खोबरं, बाहेर बटाटा, तळलेलं. दुकानातल्या चटण्या पुरतात, पण कोणाला प्रयोग करायचाच असेल तर आंबा-हाबानेरोसारखा फळाचा सॉस बोटभर घ्यावा. खोबरं आणि आंबा एकमेकांना ओळखतात. हॉट डॉगला पातळ, व्हिनेगरवाला. त्या मऊ पावात आणि तेलात आंबटाचीच उणीव असते. मोमोबरोबरची लाल चटणी आवडत नसेल तर कुरकुरीत मिरचीचं तेल आणि दोन थेंब सोया सॉस.

थंडीतला गराडू, म्हणजे तळलेला कंद, मी सराफ्यात जिरावन आणि लिंबावरच खाते. घरी तळला तर मात्र दोन मोठे चमचे चक्का, एक लहान चमचा गोचुजांग, चिमूटभर साखर असं कालवून त्यात बुडवते. कंद पिठूळ, चक्का आंबट, गोचुजांग मुरलेलं; खाऊन बघा.

कुठेही गेलात तरी पहिला घास दुकानदाराने दिला तसाच खा. मग बाटली.

घरच्या ताटात

इथे खरी मजा आहे, कारण घरचं जेवण मुद्दाम सौम्य ठेवलेलं असतं.

दहीभातापासून सुरुवात करा. दही आंबट, भात मऊ, फोडणी असली तर हिंग-मोहरीची. उणीव कुरकुरीतपणाची आणि तिखटाची. एक चमचा कुरकुरीत मिरचीचं तेल मधोमध घालायचं आणि कडेकडेने खायचं, सगळं कालवून टाकायचं नाही. सांडगी मिरची तळायचा कंटाळा आला की आमच्याकडे हेच होतं. मुगाच्या खिचडीलाही तेच, पण तिथे तूप असल्याने लिंबूही हवं.

थालीपीठावर लोण्याचा गोळा असतोच. हरिसाचा अर्धा चमचा दह्यात फेटून बाजूला घ्या. धणे दोन्हीकडे असल्याने परकं वाटत नाही. पिठलं-भाकरीला मात्र ठेचा. मिरची तव्यावर भाजलेली, लसूण, जाडं मीठ, दगडी खलात रगडलेलं. याला पर्याय म्हणून कुठली बाटली सुचवायला माझी जीभ धजत नाही.

ऑम्लेट, उकडलेलं अंडं, अंडा भुर्जी: पातळ व्हिनेगरवाला, डोळे झाकून. अंड्याच्या बलकातल्या स्निग्धपणाला आंबट तिखट कापून काढतं. ज्यांना एकच बाटली घ्यायची आहे आणि घरात अंडी होतात, त्यांनी हीच घ्यावी.

डाल-बाफल्यात बाफला तुपात बुडवलेला, तेव्हा तीक्ष्ण काहीतरी हवंच. लसणाची लाल चटणी ते काम आधीपासून करत आली आहे. ती संपली असेल तर हरिसा लिंबाच्या रसात सैल करून घ्या. श्रीराचा नको, तूप आणि साखर एकत्र आले की जेवण अर्ध्यावर जड होतं.

पिझ्झावर टोमॅटोचा आंबटपणा असतो, म्हणून व्हिनेगरवाला नको, मिरचीचं तेल बरं. मॅगीत घालायचं तर मसाल्याची पुडी अर्धीच टाका, नाहीतर मीठ दुप्पट होतं. पेरू, अननस, कैरी यांच्या फोडींवर फळाच्या सॉसचे थेंब आणि सैंधव. वरण-भात-तूप-लिंबू याला हात लावू नका.

उपासाचं वेगळं. इंदुरात साबुदाण्याची खिचडी फराळी मिक्श्चर घालून बाराही महिने विकली जाते आणि लोक सॉसही मागतात. पण खरा उपास असेल तर बाटल्यांतला लसूण, कांदा, सोयाबीन चालत नाही आणि कित्येक घरांत व्हिनेगरही नाही. हिरवी मिरची, भाजलेले दाणे, सैंधव आणि लिंबू एकत्र ठेचा; एकादशीचा सॉस तयार.

घरी करायचा असेल तर

इंदूरला याची सोय इतर शहरांपेक्षा बरी आहे, कारण निमाड जवळ आहे. खरगोन जिल्ह्यातलं बेडिया हे मिरचीच्या मोठ्या मंडीचं गाव, आणि हिवाळ्यात ओली लाल मिरची शहरातल्या भाजीबाजारात सहज मिळते. हाच काळ सॉसलाही योग्य. मे महिन्याच्या उकाड्यात मिश्रण फार भराभर आंबतं आणि हाताबाहेर जातं.

अर्धा किलो लाल ओल्या मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या करा, देठ काढा. तिखट कमी हवं असेल तर आतली पांढरी शिर काढून टाका. कॅप्सेसिन तिथे असतं, बिया उगाच बदनाम आहेत. हाताला हातमोजे, आणि नसतील तर निदान खोबरेल तेल. त्या हाताने डोळे चोळू नका. मिरच्या आणि दहा-बारा लसूण पाकळ्या जाडसर वाटून, त्यात वजनाच्या तीन टक्के, म्हणजे १५ ते १६ ग्रॅम, मीठ घाला. काटा वापरा, मीठ अंदाजाने टाकलं तर कमी पडून मिश्रण नासू शकतं. काचेची बरणी दोनतृतीयांश भरा, वर जागा राहू द्या, झाकण सैल ठेवा. आत वायू तयार होतो. घट्ट लावलं तर बरणी फुटायची भीती.

रोज स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळून पुन्हा दाबून बसवा. थंडीत आठवडा ते दहा दिवसांत बुडबुडे येऊन जातात आणि लोणच्यासारखा आंबट वास सुटतो. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर काढून टाकता येतो. केसाळ, हिरवं, काळं किंवा गुलाबी काही दिसलं तर अख्खी बरणी फेकायची, वरचं काढून बाकी वाचवायचं नाही. रसायनांच्या दुकानात आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या मिळतात. ४ किंवा त्याखाली आलं की पुढे जा.

मग १०० ते १५० मिलिलिटर व्हिनेगर घालून मिक्सरमधून बारीक करा, गाळा, बाटलीत भरा. मिक्सरचं झाकण उघडताना तोंड बाजूला. गाळणीत उरलेला चोथा उन्हात कडकडीत वाळवून कुटला की जिरावनमध्ये घालायला झकास.

एवढा खटाटोप नको असेल तर मिरच्या, लसूण आणि मीठ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं उकळून वाटून घ्या. मुरलेली चव येत नाही, पण त्याच संध्याकाळी वापरता येतो. खिडक्या उघडा, शेजाऱ्यांना ठसका लागेल.

लसूण तेलात घालून घरी केलेलं मिरचीचं तेल मात्र ओट्यावर ठेवू नका. त्यात आंबट काही नसतं, हवा पोचत नाही, आणि अशा ठिकाणी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

जास्त झालं तर, आणि बाटली ठेवताना

पाणी पिऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं. दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसीन ते धुऊन काढायला मदत करतं, म्हणून साय काढलेल्या दुधानेही आराम पडतो. चमचाभर साखर किंवा भाताचा घासही चालतो. सराफ्यात असाल तर रबडी जवळच असते, फक्त थंड घ्या. हाताची जळजळ असेल तर आधी तेल चोळा, मग साबण.

पातळ व्हिनेगरवाले सॉस बाहेर टिकतात, पण ऊन आणि शेगडीपासून लांब ठेवा, रंग काळवंडतो. श्रीराचा, फळांचे आणि गोचुजांग फ्रिजमध्ये. तेलाच्या बरणीत ओला चमचा घालू नका. आणि उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

पहिल्या खरेदीला दोनच बाटल्या पुरेत: एक पातळ, एक कुरकुरीत तेलाची. लहान घ्या. त्या संपल्या तर तिसरी आणा, आणि ती कोणत्या घराण्यातली आणायची हे तोवर तुमच्या घरातल्या अंडी आणि दहीभात खाणाऱ्यांनी ठरवलेलं असेल.